बारवेचा तळ

“राक्षस असला की पुस्तक बाद,” कृष्णात म्हणाला. “उडता घोडा असला की बाद. समुद्र, लढाई, हत्ती, सगळं बाद. भूत चालतंय. भुताला काय, एक पांढरी साडी नेसवली आणि समोर पंखा लावला की झालं.”

“मग अद्भुत राहिलं काय त्यात?” मी विचारलं. “शेजारच्या बायका बघितल्यासारखंच की.”

“काकू, टीव्हीचं गणित हाय ते.”

कृष्णात चौगुले आमच्या वाचनालयाचा जुना वाचक. शाळेत असताना दप्तर पायाशी टाकून कपाटाला टेकून उभ्या उभ्या अख्खं पुस्तक संपवायचा आणि वर मलाच सांगायचा, की हे कुणाला देऊ नका, फार काही नाही. आता कोल्हापूरच्या आसपास मालिकांची शूटिंगं व्हायची तिथं तो माणसं, घोडे, फेटे आणि जेवण पुरवायचा. मुंबईच्या एका चॅनेलला अद्भुत कादंबरीवर मालिका काढायची होती आणि कोणती काढावी यावर त्यांची महिनाभर चर्चा चालली होती. कृष्णातला वाचनाचा नाद आहे हे कळल्यावर त्यांनी त्यालाही विचारलं होतं.

“तीन पुस्तकं उरलीत,” तो म्हणाला. “एक राजपुत्राचं. त्यात बोटी लई, ते काय टिकत न्हाई. दुसरं लाकडाच्या वखारीतल्या भुताचं. आणि तिसरं आपलं. काकांची ‘बारव’.”

पलंगावर हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. नेहमीसारखे.

“आपलं कसं बसतंय तुझ्या गणितात?” मी म्हटलं. “नऊ मजले जमिनीखाली. खर्च काय कमी येणार?”

“तीच तर गंमत! पायऱ्या त्याच ठेवायच्या. रंग बदलला, दिवे बदलले की खालचा मजला तयार. एका सेटवर आठ वर्षं निघत्यात. चॅनेलच्या म्याडमना सांगितलं तर म्याडम उठून उभ्याच राहिल्या.”

“बरं का,” पलंगावरून आवाज आला.

आम्ही दोघांनी वळून बघितलं. ह्यांनी कूस बदलली होती. किती महिन्यांनी कोण जाणे, पण माणूस आपण होऊन आमच्याकडे वळला होता.

ह्यांचं नाव रंगराव पोवार. नोकरी जकात नाक्यावर. ट्रक यायचे, थांबायचे, जायचे आणि मधल्या वेळात हे लिहायचे. पुढच्या खोलीत माझं वाचनालय होतं. आमच्या मंगळवार पेठेतल्या निम्म्या पोरांनी ‘बारव’ तिथूनच नेली. आठ भाग निघाले. आठव्यानंतर प्रकाशकानं दुकान बंद केलं, पुढं वाचनालयंही बसली, आणि नववा भाग ह्यांच्या डोक्यातच राहिला. छापणारा मिळाला की लिहितो, म्हणायचे. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्या शब्दांच्या माणसाकडे दोनच शब्द उरले. बरं का.

हे गोष्ट सांगायला बसले की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. “बरं का, त्या दिवशी काय झालं...” त्यातलं तेवढंच देवानं ठेवलं आणि पुढचं सगळं काढून घेतलं. पाणी पाहिजे असलं तरी बरं का, औषध कडू लागलं तरी बरं का. शेजारचे काटकर मोठ्यानं रेडिओ लावायचे तेव्हा हे अशा काही आवाजात बरं का म्हणायचे, की ती शिवी आहे हे काटकरांनाही समजायचं. मान हलवायचे, पण तिचा भरवसा नव्हता. चहा पाहिजे का? मान हो. नको का? मान हो. त्यामुळे ह्यांच्या मानेपेक्षा ह्यांचा चेहरा वाचायला मी शिकले होते.

आता तो चेहरा उजळला होता. डाव्या हातानं ते कपाटाकडे दाखवत होते. मी आठवा भाग काढून छातीवर ठेवला, तर त्यांनी तो कृष्णातकडे ढकलला.

“पुस्तकं न्यायला नगंत, काका,” कृष्णात जरा ओशाळून म्हणाला. “तिथं कोण वाचत न्हाई.”

“मग?” मी विचारलं.

“लेखकानं समोर बसून गोष्ट सांगायची. नॅरेशन म्हणत्यात. ऐकून म्याडमच्या अंगावर काटा आला पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मग म्याडम वरच्यांना सांगणार. त्यांना काटा आला की पास.”

“अरे, ह्यांना गोष्ट सांगता आली असती तर आणि काय पाहिजे होतं?”

“म्हणून तर तुमच्याकडं बघून बोलतोय, काकू.”

त्याचं बरोबर होतं. ‘बारव’ सांगू शकेल असं दुसरं माणूस जगात असलं तर ते मी होते, आणि ती करामत ह्यांचीच होती. एक प्रकरण लिहून झालं की हे मला वाचून दाखवायचे. मी तांदूळ निवडत असेन, नाहीतर भाकरी थापत असेन. वाचून झालं की वही मिटायची, हनुवटी दोनदा वर उचलायची आणि म्हणायचं, “आता तू सांग.” मग मी ऐकलेलं सगळं परत सांगायचं. जे माझ्या ध्यानात राहिलं नसेल ते हे तिथल्या तिथं कापून टाकायचे. “तू इसरलीस म्हंजे ते नव्हतंच,” म्हणायचे. एकदा एक अख्खा प्रधान माझ्यामुळे मेला. मी रागावून म्हटलं, अहो, भाकरी करपत होती म्हणून लक्ष नव्हतं, प्रधान चांगला होता. ते म्हणाले, चांगला असता तर भाकरी करपली असती.

अशी आठ भागांची गोष्ट मी प्रकरणागणिक परत सांगितलेली होती. नववा भाग मात्र मलाही माहीत नव्हता. मी कितीदा विचारलं असेल. “लिव्हल्यावर पयली तूच ऐकशील,” एवढंच उत्तर. टिपण ठेवायची सवय नव्हती, लिहून ठेवलेली गोष्ट शिळी होते असं त्यांचं म्हणणं. बारवेच्या तळाशी काय आहे हे फक्त ह्या माणसाला ठाऊक होतं, आणि तो ते घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“म्याडम पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात येणार हाईत,” जाताना कृष्णात म्हणाला. “घरीच घेऊन येतो. पर काकू, शेवट लागणार. शेवट सांगितल्याबिगर त्या उठत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गालावर हात फिरवून दाखवला. दाढी करायची होती. मी न्हाव्याला बोलावलं. दुपारी भिंतीला टेकून बसले आणि तसेच बसून राहिले. खरं सांगते, मला मालिका बिलिका काही नको होती. हा माणूस इकडे तोंड करून बसतोय, एवढ्यासाठी मी चॅनेलवाल्यांना आठ काय ऐंशी भाग सांगितले असते. पण ह्यांना काय हवं होतं ते ह्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. ‘बारव’मधल्या रेवाला ह्यांनी आठव्या मजल्यावर उभी करून ठेवली होती. तिला खाली न्यायचं राहिलं होतं.

त्या आठवड्यात मी शेवट काढायचा सगळ्या बाजूंनी प्रयत्न केला. पाटी दिली, तर डाव्या हातानं नुसत्या रेघा आल्या. मुळाक्षरांचा तक्ता आणला. त्यांनी बोट ठेवलं, उचललं, दुसरीकडे ठेवलं, आणि अक्षरं जुळवून काहीच होईना तेव्हा तक्ता ढकलून दिला. मग मी प्रश्न विचारत सुटले.

“रेवाचा भाऊ जिवंत आहे?”

मान हो.

“मेलाय?”

मान हो.

“अहो, एकच काहीतरी सांगा की!”

“बरं का,” ते म्हणाले, आणि त्यांचे ओठ पुढच्या शब्दासाठी नुसते हलत राहिले. तो शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. मी तक्ता माळ्यावर टाकला आणि पुन्हा विचारायचं नाही असं ठरवलं.

कृष्णात मधे येऊन गेला. त्यानं मला स्वयंपाकघरात गाठलं.

“काकू, तुम्हीच काहीतरी लावा की. भाऊ सापडला, दोघं वर आली, गावात पाऊस पडला. कुणाला काय कळतंय?”

“ह्यांच्यासमोर?”

“काका काय बोलणार हाईत थोडंच...” तो बोलून गेला.

“म्हणूनच नाही लावायचं,” मी म्हटलं. “त्यांना नाही म्हणता आलं असतं तर एक वेळ लावलं असतं.”

म्हणजे आठ मजले मी सांगायचे आणि नववा गुलदस्त्यात आहे म्हणून वेळ मारून न्यायची, असं ठरलं. गोष्ट आवडली तर पुढचं पुढं बघू. मला वाटलं, आधी मालिका तर सुरू होऊ दे. शेवट यायला वर्षं लागतात, तोवर कदाचित ह्यांना शब्द येतील. डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं. ते माझं मीच धरून चालले होते.

म्याडम, म्हणजे अनुया म्हापसेकर, ठरल्या दिवशी चारच्या सुमाराला आल्या. मला वाटलं होतं कुणी तोऱ्यातली बाई असेल. ही तर सडपातळ, दमलेली मुलगी होती, पायाला शूटिंगच्या जागेची धूळ लागलेली. आल्या आल्या ह्यांच्यासमोर वाकून नमस्कार केला. ह्यांनी इस्त्रीचा सदरा आणि गांधी टोपी घातली होती. भडंगाची बशी दिली तर तिनं निम्मी लगेच संपवली आणि म्हणाली, “सकाळपासून काही खाल्लं नाही, काकू.” मला ती आवडली. ज्याला सांगावंसं वाटतं असा माणूस मिळाला की गोष्ट चांगली होते.

“कोण सांगणार?” तिनं विचारलं.

“मी सांगतो की,” मी म्हटलं. ती दचकली. आम्ही कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतो, हे कृष्णातनं तिला सांगितलं. ती हसली आणि फोन पालथा घालून बसली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हनुवटी दोनदा वर उचलली. आता तू सांग.

मी सुरू केलं. एका गावात दुष्काळ पडलेला. गावाबाहेर बारव, तिच्यात कुणी उतरत नाही, कारण पायऱ्या कुठं संपतात ते कुणालाच ठाऊक नाही. म्हाळू नावाचा पोरगा कमरेला दोर बांधून घागर घेऊन उतरतो. वर त्याची जुळी बहीण रेवा दोर धरून बसलेली. संध्याकाळी दोर हलतो. ती ओढते. घागर वर येते, काठोकाठ भरलेली. दोराला गाठ तशीच असते. भाऊ नसतो.

“बापरे,” अनुया म्हणाली.

रेवा खाली उतरते. पहिल्या मजल्यावरची माणसं डोळे मिटत नाहीत, मिटले तर अंधार आत शिरेल म्हणून. तिसऱ्यावर माणसं म्हातारी जन्मतात आणि शेवटी आईच्या कुशीत तान्ही होऊन मरतात, त्यामुळे तिथं कुणाला अंगाई म्हटली की लोक रडायला लागतात. पाचव्या मजल्यावर आवाज राहतात. बारवेत आजवर ज्यांनी ज्यांनी वाकून हाक मारली, त्या सगळ्यांचे आवाज. रेवाला तिथं म्हाळूची हाक ऐकू येते. ती दिवसभर तिच्यामागं धावते, आणि शेवटी कळतं की ती हाक तो सात वर्षांचा असताना मारलेली होती, गंमत म्हणून, तिच्याच नावाची.

इथं अनुयाच्या डोळ्यांत पाणी आलं. कृष्णात मला खुणेनंच सांगत होता, चालू द्या. तिचा फोन पालथ्या तोंडी गुरगुरत होता. तिनं तो उशीखाली सारला. मी सांगत गेले. माझाच आवाज मला वेगळा वाटत होता, आणि ह्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. काही ठिकाणी मी शब्द शोधायच्या आधी ते मान डोलवायचे. आम्ही दोघं मिळून सांगत होतो. त्या तासाभरात मला खरोखर वाटलं, आपलं भलं होणार.

आठव्या मजल्यावर रेवाला म्हाळूचा सदरा सापडतो. कोरडा. घडी घालून ठेवलेला. खालून कुणीतरी घागर भरत असल्याचा आवाज येतो. पुढं एकच पायरी राहिलेली असते. रेवा पाय टाकते. पायाला पाणी लागतं. पाणी कोमट असतं.

“इथं आठवा भाग संपतो,” मी म्हटलं.

मग अनुया म्हणाली, “काकू, मी रोज गोष्टी ऐकते. राग मानू नका, झोप येते. आज...” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “सेट एक, मुलगी एक, रोज नवा प्रश्न. ही होणारच. मी भांडून करीन. फक्त सांगा, तळाशी काय आहे?”

मी ठरवलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ह्यांनी डावा हात वर केला.

“बरं का,” ते म्हणाले.

असा आवाज मी झटक्यानंतर ऐकला नव्हता. गोष्ट सुरू करायचा आवाज. ते सरसावून बसले. हात पायरीसारखा खाली उतरवला. “बरं का,” हळू, दबक्या आवाजात. मग पुन्हा, आणखी खाली. “बरं का, बरं का...” बोटं पाण्यात फिरल्यासारखी फिरली. कुणीतरी काहीतरी विचारलं, कुणीतरी उत्तर दिलं. दोन माणसांचे दोन वेगळे आवाज होते, एक बारीक आणि एक जाड. पण शब्द तेच. एका जागी त्यांचा आवाज एवढा खाली गेला, की आम्ही तिघंही पुढं वाकलो. मग ते हसले. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायलाही न थांबता सांगत राहिले. हात उंच उंच गेला, थांबला, आणि हळूच मांडीवर येऊन टेकला. “बरं का,” ते शेवटी म्हणाले. अगदी साधं. गोष्टीतलं शेवटचं वाक्य म्हणतात तसं.

टोपी नीट केली आणि आमच्याकडे बघितलं. घामानं चेहरा डबडबला होता, पण एवढा निवांत चेहरा मी कधी बघितला नव्हता. ह्यांना वाटत होतं की ह्यांनी सांगितलं. त्यांच्या कानाला शब्द ऐकू आले होते, सगळेच्या सगळे. नववा मजला सांगून झाला होता.

“वा,” अनुया कसंबसं म्हणाली.

त्यांना तिच्या वाहवेची गरज नव्हती. ते माझ्याकडे वळले. हनुवटी दोनदा वर उचलली.

आता तू सांग.

आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो शेवट मला पहिल्यांदा ऐकायला मिळाला होता, कबूल केल्याप्रमाणे. आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा हनुवटी उचलली, जरा हसून. भाकरी करपत होती काय, असं विचारल्यासारखी.

“रेवा खाली उतरली,” मी म्हटलं.

मान डोलली. चेहऱ्यावरही होकार होता.

“पाणी कोमट होतं. कुणीतरी घागर भरत होतं.”

ते पुढं सरकले. डोळे माझ्या तोंडावर.

“आणि तो... तो म्हाळू होता.”

त्यांचा चेहरा विझला. मान अजून हलत होती, हो हो म्हणत होती, पण चेहरा विझला. त्यांनी डोळे मिटून घेतले. वाचलेलं प्रकरण मी विसरले की ते असेच डोळे मिटायचे. मग उघडले, आणि रागावले नाहीत. एखाद्या मठ्ठ पोराला पुन्हा समजावून सांगावं तसं, पहिल्या पायरीपासून, सावकाश, त्यांनी परत सुरू केलं.

“बरं का...”

अनुया उठली. कृष्णातही उठला. दोघांनी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता बाहेर गेले. ह्यांना ते कळलंही नाही. ते मलाच सांगत होते.

पुढचं लवकर सांगून टाकते. कृष्णातचा फोन आला. म्याडम गाडीत रडत होत्या म्हणे. त्यांनी वर जाऊन पुष्कळ भांडून बघितलं, पण शेवट माहीत नसलेल्या गोष्टीवर तिथं कुणी सही करत नाही.

“तुमच्या मालिकांना कधी शेवट असतो का रे?” मी त्याला म्हटलं.

“नसतोय, काकू. पर कागदावर लागतोय.”

वखारीतल्या भुताची मालिका झाली. पांढरी साडी, पंखा, सगळं कृष्णातनं सांगितलं तसं. आम्ही पहिला भाग बघितला. ह्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मग टीव्हीकडे पाठ करून माझ्याकडे वळले. “बरं का,” म्हणाले.

ते पुन्हा भिंतीकडे वळले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. वळले नाहीत. दुपारचं जेवण झालं की टेकून बसायचे आणि मला नववा मजला सांगायचे. पायऱ्या, पाणी, दोन आवाज, हसू, रडू, वर जाणारा हात. कुठं काय येतं ते मला पाठ झालं. शेवटी हनुवटी दोनदा वर. मी एकेक करून सगळं सांगून बघितलं. तळाशी दुसरं आकाश आहे. तळाशी त्यांचंच गाव आहे. म्हाळू तिथला राजा झालाय. घागर भरणारी रेवाच आहे, म्हातारी झालेली. तळाशी त्या दोघांची आई आहे. तळच नाही. यातलं एखादं बरोबरही असेल. पण चेहरा विझायचा, आणि मला कळायचं नाही की मी चुकले म्हणून विझला, की बरोबर असूनही मी ते नीट सांगितलं नाही म्हणून. एकदा मी कंटाळून खोटं बोलले. “कळलं हो, सगळं कळलं, फार सुंदर आहे.” त्यांनी हनुवटी वर केली. सांग. त्यांच्याशी खोटं चालत नसे, कधीच चाललं नव्हतं.

एके दिवशी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, हात मांडीवर टेकला, आणि हनुवटी उचलली नाही. माझ्याकडे नुसतं बघत राहिले. मी निवडायला घेतलेले तांदूळ तसेच हातात होते. त्यांना सगळं समजलं होतं. मला काही कळलेलं नाही, कधी कळलं नव्हतं, आणि त्या दिवशी पाहुण्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी डावा हात पुढं केला आणि माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं. वाईट वाटून घेऊ नको, म्हटल्यासारखं. मला म्हटलं. स्वतःच्या वाट्याचं सगळं बुडालेलं असताना.

मग ते भिंतीकडे वळले. त्यानंतर ते बरं का म्हणालेच नाहीत. पाण्यालाही नाही, काटकरांच्या रेडिओलाही नाही. श्रावणात गेले.

आता मी कपिलतीर्थाच्या मंडईत भाजीला जाते तेव्हा अजून एखादा जुना वाचक भेटतो. केस पिकलेले, हातात नातवाचं बोट. परवा असाच एक जण आडवा आला.

“काकू, ओळखलं का? तुमच्याकडनं ‘बारव’ न्यायचो.” जरा इकडची तिकडची विचारपूस केली आणि मग हळूच म्हणाला, “एक विचारू? आठव्या भागावर लटकलोय बघा अजून. काकांनी शेवट कुणाला सांगितला हुता का?”

“सांगितला होता की. मला. रोज सांगायचे.”

त्याचे डोळे लकाकले. नातवाला जवळ ओढून तो म्हणाला, “मग काय हुतं तळाला?”

“बरं का,” मी म्हटलं.

तो वाट बघत उभा राहिला. पोरगंही वर बघत होतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी आले.